चारशे बारा वेळा पडलेला दरवाजा

चारशे बारा वेळा मी तो दरवाजा पाडला. अंदाजे नाही सांगत, मोजून सांगतो. विंगेतल्या खांबावर पेन्सिलीनं रेघा मारून ठेवायचो, पाच-पाचच्या जुड्या करून.

नाटक जुनं, आमच्याच गावच्या राजाचं. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं. शत्रू वेढा देतो, शेवटच्या अंकात दरवाजा फोडून आत शिरतो, राजा मरतो, पडदा. मी नाट्यगृहाचा सुतार. दरवाज्याला लागून कापडाचा बुरूज, बुरुजात स्टूल, स्टुलावर मी. दरवाजा उभा एका खुंटीवर. राजा बुरुजाबाहेर गर्जना करणार, "जोवर हा दरवाजा उभा आहे, तोवर मी राजा आहे!" त्यानंतर मनात तीन मोजायचे आणि खुंटी ओढायची. धाडकन दरवाजा आडवा. टाळ्या. एकदा मला शिंक आली आणि राजा "जोवर हा दरवाजा" एवढंच म्हणाला तोवर दरवाजा गेला. पुढचं वाक्य त्यानं तरीही म्हटलं. नट मोठा होता.

आता एवढं करून नाटक मी कधी बघितलं नाही. बुरुजातून काय दिसणार? कापडाची उलटी बाजू. बायको पुढच्या रांगेत बसून बघायची. घरी आल्यावर विचारायचो, कसं झालं? ती म्हणायची, दरवाजा छान पडला. ती गेली, मीही काम सोडलं. नाट्यगृहाच्या मागची सुतारखोली तेवढी माझ्याकडे राहिली, कारण तिथला पसारा दुसऱ्या कुणाला नको होता.

तर एकदा जेवताना सून म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे जुने दरवाजे आहेत ना?"

माझं आणि सुनेचं भांडण कधी झालं नाही. भांडायला बोलावं लागतं. ती शिक्षिका, मी चौथी. ती मला "बाबा, पायाला भुसा आहे" म्हणायची, मी पाय झटकायचो, दिवसाचं बोलणं संपलं. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, आम्ही दोघं बोलायला लागलो की फोन चार्जिंगला लावायला जातो. त्याचा फोन कायम फुल असतो.

"आहेत," मी म्हणालो. "शाळेला दार नाही का?"

"पोरांना हवाय. सहावीला राजाचा वेढा शिकवला. हे बघा."

तिनं पेपर पुढं केला. प्रश्न होता, राजाचा मृत्यू कशाने झाला. पोरानं लिहिलं होतं, 'राजाला वेढा झाला होता आणि त्यावर तेव्हा औषध नव्हते.'

"असं अकरा जणांनी लिहिलंय," सून म्हणाली.

"मग? मार्क दिलेस?"

"अर्धा. अक्षरासाठी."

तिचं म्हणणं असं की पुस्तकातून पोरांच्या डोक्यात काही जात नाही, तर हातातून जातंय का बघू. दर शनिवारी पोरांनी सुतारखोलीत यायचं, तलवारी, ढाली, दरवाजा, सगळं स्वतः करायचं. आणि शेवटी त्या जुन्या नाटकाचा शेवटचा अंक त्यांनीच करायचा.

"करा की," मी म्हणालो. "त्यात तोंड का उतरलंय?"

मग खरं बाहेर आलं. सून त्या शाळेत दोन वर्षं हंगामी होती. हंगामी म्हणजे दर उन्हाळ्यात घरी बसायचं आणि फोनची वाट बघायची. हेडबाईंनी सांगितलं होतं, "तुमचा सुतारकीचा तास करा. पण संस्थेची माणसं येतील त्या दिवशी शेवटचा अंक सव्वाबाराच्या घंटेच्या आत पुरा झाला पाहिजे. पुरा. मग तुमच्या कायम होण्याच्या कागदावर मी सही करते. अर्धवट राहिला तर पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई बघू."

म्हणजे सुनेची नोकरी एका दरवाज्यावर, आणि दरवाजा माझ्याकडे. मी म्हणालो, "भाजी वाढ." हो म्हणायची माझी ती रीत आहे. सुनेला ठाऊक नव्हती. तिनं भाजी वाढली आणि आणखी चिंतेत पडली.

पहिल्या शनिवारी सव्वीस पोरं आली. इतकी नावं माझ्या डोक्यात राहायची नाहीत, म्हणून मी हत्यारांची नावं ठेवली. एक मुलगा सरळ बसायचा, सरळ उभा राहायचा, मानसुद्धा काटकोनात वळवायचा. तो गुण्या. त्याला राजा केला. एक मुलगा बोलायला लागला की समोरच्याचा कान सोलून निघायचा, तो रंधा. तो शत्रूचा सेनापती, त्याच्याकडे बारा सैनिक. आणि एक मुलगी, हाडकुळी, दोन वेण्या. कुठंही घुसली की निघायची नाही. ती पाचर. ती पहारेकऱ्यांची मुख्य, तिच्यासकट पहारेकरी बारा.

सुनेनं पोरांना आधी गावाचा जुना तट दाखवायला नेलं. बस स्टँडच्या मागं दरवाज्याचे दोन दगडी खांब अजून उभे आहेत, मधून सायकली जातात. दोन्ही खांबांना समोरासमोर चौकोनी भोकं आहेत. मी चाळीस वर्षं तिथून ये-जा केली, भोकांकडे कधी बघितलं नाही. पाचरनं एका भोकात खांद्यापर्यंत हात घातला.

"आजोबा, हे कशाला?"

"अडसरासाठी. दरवाजा आतून लावला की हे एवढं जाड लाकूड आडवं टाकायचं. मग बाहेरून कितीही ढकला."

"तुमच्या नाटकातल्या दरवाज्याला अडसर कुठाय?"

"त्याला रंगवलेला आहे."

"म्हणजे खोटा?"

"खोटा आहे म्हणून तर पडतो."

तिनं हात बाहेर काढला, कोळिष्टकं फ्रॉकला पुसली. "मग आपण खरा करू," म्हणाली.

इथं माझं चुकलं. तेव्हा चूक वाटली नाही, बरंच वाटलं.

मी जन्मभर घरं केली, राजवाडे केले, तीन गलबतं केली. सगळ्यांना पुढची बाजू होती, मागची नव्हती. मागून बघितलं तर पट्ट्या आणि पोत्याचे तुकडे. टिकणारी वस्तू मी एकही केली नव्हती, घरातला पाट सोडून, आणि तोही हलतो. आणि इथं सव्वीस पोरं विचारत होती, खरा कसा करतात? माझे हात मोकाट सुटले. जुन्या रंगमंचाच्या तख्तपोशीच्या फळ्या पडून होत्या, लोखंडासारख्या. पोरांना करवत धरायला शिकवली, पटाशी शिकवली. खिळा न मारता एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या खाचेत कशी बसवायची ते शिकवलं. गुण्यानं एक सांधा नऊ वेळा केला. नवव्यांदा असा बसला की पोरगं राजा असूनही रडलं.

रंध्याच्या सैनिकांना दरवाज्यावर आदळायला ओंडका हवा होता. त्यांनी माझा राजवाड्याचा जुना खांब उचलला, टोकाला कागदाच्या लगद्याचं बोकडाचं तोंड लावलं. तोंड चांगलं झालं होतं, शाळेच्या शिपायासारखं. शिपाई येऊन बघून गेला.

सून मध्येमध्ये यायची. पोरांना विचारायची, "वेढा म्हणजे काय?" आणि सव्वीसच्या सव्वीस ओरडायची, "बाहेरचा आत येत नाही, आतला बाहेर जात नाही!" ती माझ्याकडे बघायची. मी भुश्याकडे बघायचो. घरी ती आता पायाला भुसा आहे म्हणत नव्हती. तिच्याच पायाला असायचा.

दरवाजा पोरांच्या अंगावर पडायला नको, म्हणून हा पडणारा केला नाही, उघडणारा केला. मागं पाचरच्या म्हणण्याप्रमाणं खरा अडसर, खाली एक खुंटी. ती ओढली की दोन्ही फळ्या आत उघडणार. तालमी वर्गात व्हायच्या, दोन बाकं उभी करून. बाकं छान पडायची. दरवाजा सुतारखोलीतून थेट प्रयोगाच्या सकाळी शाळेत गेला, हातगाडीवर. उचलायला आठ माणसं लागली. तेव्हाच मला काहीतरी वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटला.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत हेडबाई, त्यांच्या शेजारी संस्थेचे तीन म्हातारे. मागं आईबाप. रंगमंचाच्या मधोमध दरवाजा असा लावला होता की डावीकडचं शत्रूचं सैन्य आणि उजवीकडचा किल्ला, दोन्ही प्रेक्षकांना दिसावं. किल्ल्याच्या बाजूला कापडाचा बुरूज, बुरुजात स्टूल, स्टुलावर मी. सून पलीकडच्या विंगेत, हातात वही. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा.

झकास चाललं. तलवारी चमकल्या, गुण्या काटकोनात फिरला. मग त्यानं दरवाज्याकडे हात केला आणि गरजला, "जोवर हा दरवाजा उभा आहे, तोवर मी राजा आहे!"

एक. दोन. तीन. मी खुंटी ओढली. खुंटी हातात आली. दरवाजा तिथंच.

मी फटीतून बघितलं. फळ्यांच्या मागं अडसर आडवा, दोन्ही खाचांत घट्ट बसलेला. पहारेकऱ्यांनी नियमाप्रमाणं टाकला होता. प्रयोगात अडसर लावायचा नाही, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या दरवाज्याला चाळीस वर्षं अडसर नव्हता. लावू नका हे मला सुचणार कुठून?

बाहेरून ओंडका आदळला. छतातून धूळ पडली. दरवाजा हलला नाही. गुण्यानं आपलं वाक्य पुन्हा म्हटलं, जरा हळू. ओंडका पुन्हा आदळला. तिसऱ्यांदा रंध्यानं सगळ्यांना मागं नेलं आणि पळत आणलं. कडाड आवाज झाला, लोक उठून उभे राहिले.

ओंडका फुटला होता. माझाच खांब तो, आतून पोकळ. बोकडाचं तोंड घरंगळत संस्थेच्या एका म्हाताऱ्याच्या पायाशी गेलं. त्यांनी ते उचललं, बघितलं, आणि मांडीवर ठेवून घेतलं.

मी बुरुजातून पाचरला हळूच म्हणालो, "ए, अडसर काढ."

ती दरवाज्याला पाठ लावून उभी. मानही वळवली नाही. "मी पहारेकरी आहे."

"अगं मी सांगतोय ना!"

"तुम्ही कोण?"

"मी कोण? आजोबा!"

"किल्ल्यात आजोबा नाहीत."

बारा वाजायला दहा मिनिटं होती. पलीकडच्या विंगेत सूनबाईंनी वही तोंडावर धरली होती. वहीच्या वर फक्त कपाळ दिसत होतं आणि कपाळाचा रंग चांगला नव्हता.

रंधा फुटक्या खांबाकडे बघत उभा होता. पण पोरगं डोकेबाज. पुढं येऊन म्हणाला, "सैनिकांनो, खाली बसा. आपण वेढा देऊ." सैनिक बसले. "किती दिवस?" एकानं विचारलं. "त्यांचं अन्न संपेपर्यंत," रंधा म्हणाला आणि त्यानं विंगेतून डबा मागवला. मग बाराही सैनिकांनी मागवले. शत्रू जेवायला लागला.

हॉलमध्ये डब्यांचा वास पसरला. किल्ल्यातला एक लहानसा पहारेकरी पाचरला म्हणाला, "आपला डबा?"

"आपलं अन्न संपलंय."

"माझं नाही संपलं. दप्तरात आहे."

"दप्तर किल्ल्याबाहेर आहे. रडू नको, आपण राजाची माणसं आहोत."

रंध्यानं फळीच्या फटीपाशी तोंड नेलं. "बटाट्याची भाजी आहे. दार उघडा, देतो."

"थू!" पाचर म्हणाली. लहान पहारेकऱ्यानं मात्र फटीकडे जरा जास्त वेळ बघितलं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. हेडबाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग भिंतीवरचं, मग सूनबाईंच्या दिशेनं. त्या बघण्यात पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या बाई अगदी स्पष्ट दिसत होत्या.

आणि मग पाचर वळली. ओंडक्याच्या तुकड्यांकडे बघितलं, अडसरावर हात ठेवला, आणि राजाला म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, "महाराज, खरा दरवाजा तरी फुटला असेल का? त्याला पण अडसर होता. भोकं आहेत, मी हात घातलाय."

गुण्यानं काटकोनात मान वळवली. हे त्याच्या वहीत नव्हतं. त्यानं विचार केला. "पुस्तकात फुटला आहे."

"पुस्तकवाल्यानं दरवाजा केलाय का कधी?"

"नाही," राजा म्हणाला. "मग शत्रू आत कसा आला?"

"कुणीतरी आतून उघडला असणार."

बाहेर सैनिकांची तोंडं चालायची थांबली. गुण्या एकेका पहारेकऱ्यासमोर जाऊन उभा राहायला लागला. "तू उघडशील?" "नाही महाराज." "तू?" "नाही महाराज." लहान पहारेकऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भाजी कसली आहे?" पण पाचरनं डोळे मोठे केले आणि तोही नाही म्हणाला. बारापैकी एक फितूर निघेना. घड्याळात बारा वाजून सात मिनिटं. माणसं इमानदार निघाली की अशी पंचाईत होते.

मी स्टुलावरून उठलो. चाळीस वर्षांत त्या स्टुलावरून प्रयोग चालू असताना मी उठलो नव्हतो. बुरुजाचं कापड बाजूला केलं आणि बाहेर आलो. अंगावर कामाचा सदरा, कानावर पेन्सिल. उजेड डोळ्यांत गेला, लोक दिसेनात.

"महाराज," मी म्हणालो, "मी उघडतो."

गुण्या माझ्यासमोर आला. पोरगं माझ्या छातीला लागेल एवढं, पण मी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली.

"तू कोण?"

"सुतार. हा दरवाजा मी केला. दर वेळेला आतून मीच उघडतो. चारशे बारा वेळा."

"का?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं.

"घरात सून आहे, महाराज. दरवाजा उघडला नाही तर तिला घरी बसवतील."

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. पलीकडच्या विंगेत वही खाली आली होती.

राजानं मुकुट सरळ केला. "म्हणजे तू फितूर आहेस."

"आहे, महाराज."

"सून चांगली आहे का?"

"बोलत नाही फारसं. मीही बोलत नाही. पण चांगली आहे."

गुण्या पाचरकडे वळला. पाचरनं ओठ घट्ट मिटले होते, डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाली, "मी नाही मदत करणार. एकट्यानं काढा."

आठ माणसांचा दरवाजा, त्याचा अडसर मी एकट्यानं काढला. कंबर अजून बोलते. फळ्या उघडल्या. शत्रूचं सैन्य आत आलं, हातात डबे. रंधा जाता जाता मला म्हणाला, "आभारी आहे," आणि लहान पहारेकऱ्याच्या हातात आपला डबा ठेवून राजाला मारायला गेला.

मी तिथंच उभा राहिलो, परत बुरुजात जायचं सुचलंच नाही. म्हणून राजा मरताना मी पहिल्यांदा बघितला. इतकी वर्षं मला वाटायचं, राजा कोसळतो. धाडकन आवाज यायचा ना. तो तलवार टाकल्याचा निघाला. राजा मांडी घालून खाली बसतो, मुकुट काढून शेजारी ठेवतो, आणि बसल्या बसल्या बोलत बोलत जातो. नऊ ओळी. सातव्या ओळीला सव्वाबाराची घंटा झाली. गुण्या घंटेसाठी थांबला, घंटा संपल्यावर उरलेल्या दोन ओळी म्हटल्या आणि मान काटकोनात टाकली. घरी जाऊन बायकोला सांगावं असं होतं. दरवाजा पडला नाही, पण राजा छान गेला.

हेडबाई वर आल्या. सून, मी, आणि मधे दरवाजा.

"घंटेच्या आत पुरा झाला नाही," हेडबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं तर सुनेनं हात आडवा केला. पण मांडीवर बोकड घेतलेले म्हातारे जिना चढून आले होते. ते दरवाज्याच्या सांध्यावरून बोट फिरवत होते. "खिळा नाही यात," ते म्हणाले.

"एकही नाही," पाचर म्हणाली.

"कुणी केला हा सांधा?"

"राजानं," पाचर म्हणाली. "नऊ वेळा."

म्हाताऱ्यांनी हेडबाईंकडे बघितलं. "मुलं घंटा झाली तरी जागची हलली नाहीत, बाई. आमच्या वेळी घंटेच्या आधी बाहेर असायचो." आणि बोकडाचं तोंड काखेत घेऊन निघून गेले. ते त्यांनी परत दिलं नाही.

हेडबाईंनी कागद काढला. उभ्यानं, माझ्याच दरवाज्यावर टेकवून सही केली आणि खाली शेरा लिहिला, 'यापुढे दरवाजा वेळेत उघडावा.'

वार्षिक परीक्षेला वेढ्यावरच प्रश्न आला. शत्रूने किल्ल्यात प्रवेश कसा मिळवला? पुस्तकात उत्तर आहे, दरवाजा फोडून. रात्रीच्या जेवणाआधी सून टेबलाशी पेपर तपासत बसली होती, मी समोर पाट ठोकत होतो. एकेक पेपर उलटत ती वाचत गेली. 'सुताराने उघडला.' 'आतल्या सुताराने उघडला.' 'सुतार फितूर होता.' सव्वीसच्या सव्वीस.

"बाबा, काय करू? पुस्तकाप्रमाणं सगळे चूक."

"मला काय विचारतेस, मी चौथी."

तिनं सगळ्यांना अर्धा-अर्धा दिला. मग एका पेपरवर थांबली. तो पाचरचा होता. तिथं उत्तर एका ओळीनं मोठं होतं. सून ते दोनदा वाचत बसली आणि मग माझ्यापुढं सरकवलं. 'सुताराने उघडला. कारण त्याच्या घरात सून होती.'

"कारण दिलंय," सून म्हणाली, आणि पूर्ण मार्क दिले. मुलगा फोन चार्जिंगला लावायला उठला. ती म्हणाली, "बस खाली. बाबांना चहा टाक, आणि पाट धर, हलतोय."